महाविद्यालयाचे अभिलेखागार रोज कसे चालवावे

मुंबईत विल्सन (1832), एल्फिन्स्टन (1835), ग्रँट मेडिकल (1845) आणि सेंट झेवियर्स (1869) अशी दीडशे वर्षे ओलांडलेली महाविद्यालये आहेत. सिडनहॅमची (1913) शंभरी होऊन गेली आहे, तर रुइया (1937) आणि सिद्धार्थ (1946) यांच्यासारख्या महाविद्यालयांची शंभरी पुढच्या दोन-तीन दशकांत येणार आहे. अशा संस्थांमध्ये जुन्या कागदांची आठवण बहुधा दोनच प्रसंगी होते, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, समिती यायची असते तेव्हा आणि स्मरणिका काढायची असते तेव्हा. मग ग्रंथालयातल्या एखाद्या सहायकाच्या किंवा इतिहास विभागातल्या तरुण प्राध्यापकाच्या हाती एका खोलीची किल्ली देऊन ‘एवढे जरा लावून घ्या’ असे सांगितले जाते. हे लेखन त्या व्यक्तीसाठी, म्हणजे नव्या अभिलेखपालासाठी, आहे.

नव्याने काम हाती घेतलेल्या बहुतेकांना सर्वांत आधी स्कॅनर हवासा वाटतो. माझे मत असे आहे की स्कॅनर शेवटी यावा. कागद कोठून आला, कोणाच्या कपाटात होता आणि कोणत्या कागदांच्या मध्ये होता, ही माहिती कागदावर कोठेही लिहिलेली नसते. ती फक्त तो उचलण्याच्या क्षणी उपलब्ध असते आणि एकदा निसटली की पुन्हा मिळत नाही. स्कॅन दहा वर्षांनीही करता येते. म्हणून रोजच्या कामाचा पहिला नियम हा की हात लावण्याआधी लिहून ठेवावे.

कागद कोठे असतात आणि आत कसे आणावेत

महाविद्यालयाचे कागद एका जागी कधीच नसतात. कार्यवृत्ताच्या वह्या प्राचार्यांच्या दालनात किंवा संस्थेच्या मुख्य कार्यालयात असतात, प्रवेशाची रजिस्टरे कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये, संघांची छायाचित्रे जिमखान्यात, हस्तलिखित अंक मराठी वाङ्मय मंडळाच्या कपाटात, जुनी साठा-रजिस्टरे प्रयोगशाळेत, आणि बरेच काही निवृत्त प्राध्यापकांच्या घरी माळ्यावर असते. पहिले काही आठवडे फक्त फिरण्यात घालवावेत. काहीही हलवू नये. वहीत खोली, कपाट, फळी आणि तेथे ढोबळमानाने काय दिसले एवढेच टिपावे. या फेरीत कार्यालयीन अधीक्षकांइतकीच मदत जुन्या शिपायांची होते, कारण कोणती खोली कोणत्या साली रिकामी झाली आणि तिच्यातले सामान कोठे गेले हे त्यांना नेमके आठवत असते. त्यांच्याशी बोलताना वही उघडी ठेवावी आणि त्यांचे नाव माहितीचा स्रोत म्हणून नोंदवावे.

याच काळात प्राचार्यांच्या सहीचे एक परिपत्रक काढून घ्यावे, की कोणत्याही विभागाने दहा वर्षांपूर्वीचा कोणताही कागद अभिलेखपालाच्या लेखी संमतीशिवाय रद्दीत देऊ नये. मार्चअखेर, दिवाळीची साफसफाई, रंगकाम आणि पाहणी समितीची भेट या चार वेळी सर्वाधिक नुकसान होते. त्या काळात रद्दीवाला कोणत्या दिवशी येणार आहे हे आधी कळेल अशी व्यवस्था ठेवावी. महाविद्यालय शासकीय असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 हाही विचारात घ्यावा लागतो. अनुदानित किंवा खाजगी संस्थेत विश्वस्त मंडळाचा ठराव करून घेणे उत्तम, म्हणजे प्राचार्य बदलले तरी नियम बदलत नाही.

आवक नोंदवही बांधीव असावी आणि तिच्या पानांवर आधीच क्रमांक घातलेले असावेत. संगणकावर तक्ता जरूर ठेवावा, परंतु बांधीव वहीतले पान कोणाला नकळत काढता येत नाही. नोंद अशी असावी: ‘आवक 2024/11. दि. 8 जुलै. रसायनशास्त्र विभाग, दुसरा मजला, तराजूच्या खोलीतील लाकडी कपाट, खालून दुसरी फळी. सात रजिस्टरे व सुटे कागद, अंदाजे दीड फूट. दोन रजिस्टरांचे पुठ्ठे सुटलेले, कसर लागल्याच्या खुणा, जिवंत कीड दिसली नाही. विभागप्रमुखांच्या संमतीने. फळीवर असलेल्या क्रमाचे छायाचित्र काढले आहे.’ ही नोंद करायला दहा मिनिटे लागतात. पुढे वीस वर्षांनी एखादा संशोधक ‘ही वही प्रयोगशाळेची की भांडारगृहाची’ असे विचारतो तेव्हा उत्तर याच दहा मिनिटांतून मिळते.

बाहेरून कागद येतात तेव्हा एक पानी दानपत्र करून घ्यावे. दिवंगत प्राध्यापकांचे कुटुंबीय मोठ्या विश्वासाने पेट्या आणून देतात आणि त्या वेळी कागदोपत्री बोलणे अवघड वाटते, पण ते त्यांच्याही हिताचे असते. कागद कायमचे दिले आहेत की सांभाळण्यासाठी, जे ठेवायचे नाही ते परत करायचे का, आणि काही पत्रे ठरावीक काळ कोणालाही दाखवू नयेत अशी इच्छा आहे का, एवढे त्यात स्पष्ट असावे. पत्राचा कागद ज्याच्याकडे आहे तो त्या मजकुराच्या स्वामित्वहक्काचा धनी नसतो. सरांना एखाद्या कवीने लिहिलेले पत्र सरांच्या मुलीने दिले, तरी ते छापण्याचा हक्क त्या कवीच्या वारसांकडे असतो. 1957 च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हे दानपत्र करतानाच समजावून सांगितले म्हणजे पुढे गैरसमज होत नाहीत.

मूळ क्रम मोडू नये

ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला विषयवार लावण्याची सवय असते आणि अभिलेखागारात हीच सवय सर्वांत जास्त नुकसान करते. समजा जिमखान्याची 1950 च्या दशकातली एक फाइल आली. तिच्यात आझाद मैदानावर खेळपट्टी मिळावी म्हणून केलेला अर्ज आहे, संघाची यादी आहे, बॅट आणि पॅडच्या खरेदीच्या पावत्या आहेत, एका खेळाडूच्या वडिलांनी ‘परीक्षेपर्यंत मुलाला खेळवू नये’ असे लिहिलेले पत्र आहे आणि संघाचे एक छायाचित्र आहे. छायाचित्र काढून ‘छायाचित्रे’ या खोक्यात ठेवले, पावत्या ‘हिशेब’ मध्ये आणि पत्र ‘पालकांचा पत्रव्यवहार’ मध्ये ठेवले, तर सर्व काही शिस्तीत लागल्यासारखे दिसेल. परंतु यादीतला कोणता मुलगा छायाचित्रात नाही आणि तो का नाही, हे सांगणारे नाते त्या क्षणी तुटते. जतनासाठी छायाचित्र वेगळे ठेवणे भाग असेल तर त्याच्या जागी एक पृथक्करण-पत्रक ठेवावे, त्यावर छायाचित्राचा नवा पत्ता लिहावा आणि छायाचित्राच्या पाकिटावर फाइलचा क्रमांक लिहावा.

रचना वरून खाली करावी. आधी संग्रह, म्हणजे ज्या कार्यालयाने, मंडळाने किंवा व्यक्तीने कागद निर्माण केले ते. मग त्यातील मालिका, जसे कार्यवृत्ते, आवक-जावक पत्रव्यवहार, हिशेब. त्यानंतर फाइल, आणि अगदीच आवश्यक असेल तेथे सुटा कागद. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचे आयएसएडी(जी) हे वर्णनाचे मानक याच पायऱ्यांवर उभे आहे. त्यात 26 घटक आहेत, परंतु लहान अभिलेखागाराने संकेतांक, शीर्षक, तारखा, पातळी, विस्तार आणि निर्माता हे सहा घटक नीट भरले तरी पुष्कळ झाले. एका संग्रहातल्या प्रत्येक कागदाची सुरेख यादी करून बाकीचे नव्वद खोके कुलपात ठेवण्यापेक्षा सर्व खोक्यांची फाइलपर्यंतची साधी यादी करणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते, कारण यादीत नसलेला कागद वाचकासाठी अस्तित्वातच नसतो.

टाचणी, चिकटपट्टी आणि मांजरपाट

रोजच्या कामाचा मोठा भाग हातांचा असतो. गंजलेली टाचणी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. डोके धरून ती ओढली की कागदाचा तुकडा गंजासह निघतो. कागद सपाट टेबलावर ठेवावा, टाचणीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला पातळ पॉलिस्टरची पट्टी सरकवावी म्हणजे कागदावर दाब येत नाही, मग बोथट धातूच्या पट्टीने टाचणी जागच्या जागी हलकेच सैल करावी आणि गंज तंतूंपासून सुटल्यावर ती ज्या दिशेने गेली होती त्याच दिशेने मागे काढावी. सुटत नसेल तर सोडून द्यावी. रबरबँड वितळून चिकटले असतील तर ओढू नयेत. कोरडे झालेले तुकडे आपोआप गळतात, चिकट राहिलेले संवर्धकासाठी ठेवावेत. टाचणीने जोडलेले कागद एकत्र होते ही माहिती महत्त्वाची असल्यामुळे ते आम्लरहित कागदाच्या घडीत एकत्रच ठेवावेत.

फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये आणि आधी लावलेला असेल तर स्वतः काढू नये. मौल्यवान सनद किंवा प्रमाणपत्र लॅमिनेट करणे हा तर न परतणारा अपाय आहे. इमारतीचे निळे नकाशे, ज्यांना ब्लूप्रिंट म्हणतात, ते अल्कधर्मी म्हणजे ‘बफर्ड’ आम्लरहित कागदात ठेवू नयेत, कारण अल्काने त्यांचा निळा रंग फिका पडतो. त्यांना साधा, बफर नसलेला कागद लागतो. कागद हाताळताना सुती हातमोजे घालू नयेत. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात अधिक सुरक्षित असतात, कारण मोज्यांमुळे स्पर्श कळत नाही आणि कागदाची कड फाटते. छायाचित्रे व निगेटिव्हसाठी मात्र नायट्राइलचे मोजे घालावेत. जुन्या फिल्म निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की त्या फिल्मचे ॲसिटेट विघटित होत आहे असे समजावे आणि तो डबा त्याच दिवशी इतरांपासून दूर करावा.

महागडी खोकी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. धुऊन खळ काढलेला मांजरपाट हे उत्तम आवरण आहे. तो धूळ अडवतो, हवा खेळू देतो आणि स्वस्त असतो. पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि ती पद्धत आपल्या हवेला अनुरूपच आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि बंद लोखंडी कपाटांत मात्र ओल कोंडते. कपाटच वापरायचे असेल तर त्याला जाळीची भोके पाडून घ्यावीत. डांबरगोळ्या ठेवू नयेत. त्यांची वाफ माणसाला अपायकारक असते आणि बुरशीवर त्यांचा उपयोग होत नाही. जिवंत कीड आढळली तर रजिस्टर दोन पिशव्यांत हवाबंद करून उणे 20 अंश सेल्सिअसला किमान एक आठवडा ठेवता येते. मोठ्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे असा डीप फ्रीझर असतो. त्यातील नमुन्यांपासून पूर्ण वेगळा कप्पा मिळत असेल तरच, आणि विभागप्रमुखांच्या परवानगीने, तो वापरावा. छायाचित्रे व काचेच्या निगेटिव्ह फ्रीझरमध्ये ठेवू नयेत.

तारीख नसलेला कागद

वर्णन करताना सर्वाधिक वेळ तारखा आणि नावे यांत जातो आणि खरी गोडीही यातच आहे. तारीख नसलेल्या कागदाचा काळ ठरवण्यासाठी मुंबईच्या अभिलेखपालाच्या हाताशी काही खात्रीची साधने आहेत. पत्त्यात ‘मुंबई 28’ किंवा ‘बॉम्बे 14’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर पत्र बहुधा 1972 पूर्वीचे असते. त्या वर्षी 15 ऑगस्टला पिनकोड आला आणि दादरचे 28 हे 400 028 झाले. पावतीवर रुपये, आणे, पै असतील तर ती दशमान नाणी सुरू होण्याच्या, म्हणजे 1 एप्रिल 1957 च्या, आधीची किंवा त्याच सुमाराची असते. मात्र जुनी छापील पावतीपुस्तके संपेपर्यंत वापरली जात, म्हणून छापील भागापेक्षा हाताने लिहिलेल्या रकमेवर विश्वास ठेवावा. विद्यापीठाचे इंग्रजी नाव 1996 मध्ये ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ झाले, ते कागदाच्या शीर्षकावर पाहावे. विद्यार्थी ‘इंटर’ला (जुन्या पद्धतीतील महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला) होता की ‘अकरावी’ला, यावरूनही काळ उलगडतो, कारण 1975 मध्ये राज्यात दहावीची पहिली परीक्षा झाली आणि त्यानंतर अकरावी-बारावीचे वर्ग आले. रजिस्टरातील विद्यार्थिसंख्या त्या सुमारास एकदम बदललेली दिसते तिचे कारण हेच.

देणगीदारांच्या पत्रांत कधी शके असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 78 मिळवावे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. जागेचे खरेदीखत, भाडेपावती किंवा एखाद्या जुन्या दात्याचे पत्र मोडीत असेल तर ‘मोडी, वाचन बाकी’ असा शेरा लिहून पुढे जावे, अंदाजाने आशय लिहू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, म्हणून तुलनेने अलीकडच्या कागदांतही ती भेटते. मोडीचे वर्ग चालतात, आणि इतिहास विभागातला एखादा विद्यार्थी तिकडे पाठवता आला तर अभिलेखागाराला कायमचा आधार मिळतो.

काढलेली तारीख नेहमी चौकटी कंसात, अंदाज असल्याचे दर्शवून आणि कारणासह लिहावी, जसे ‘[सुमारे 1965 ते 1972, पत्त्यातील विभागक्रमांक व प्राचार्यांच्या सहीवरून]’. कारण लिहिले नाही तर पुढचा माणूस तो अंदाज वस्तुस्थिती समजतो.

नावांच्या बाबतीत एक अधिकृत नावसूची सुरुवातीपासून ठेवावी. एकच प्राध्यापक मराठी वार्षिकात पूर्ण नावाने, इंग्रजी कार्यवृत्तात आद्याक्षरांनी आणि पत्रांत नुसत्या आडनावाने येतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. प्रवेशाच्या रजिस्टरात माहेरचे नाव असते आणि माजी विद्यार्थिनी म्हणून तीस वर्षांनी आलेल्या पत्रावर सासरचे. ही दोन्ही नावे नावसूचीत जोडली नाहीत तर संस्थेच्या इतिहासातून स्त्रिया अर्ध्यावर नाहीशा होतात. मला हे काम अभिलेखपालाच्या सर्वांत महत्त्वाच्या कर्तव्यांपैकी एक वाटते. गटछायाचित्रांसाठी वार्षिक अंकातील ओळी जुळवून पाहाव्यात आणि ‘बसलेले, डावीकडून’ हा क्रम जसाच्या तसा उतरवावा. छायाचित्राच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला लिहावे.

महाविद्यालयाकडची प्रत हरवली असेल तर दुसऱ्या बाजूचा कागद शोधावा. सरकारला पाठवलेले पत्र काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात शिक्षण खात्याच्या दप्तरात मिळू शकते. विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत पदवीधरांच्या याद्या आहेत, तर समारंभांची वार्ता एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथील जुन्या नियतकालिकांत सापडते. आपल्या यादीत अशा ठिकाणांचा संदर्भ लिहून ठेवावा.

जनरल रजिस्टर आणि दाराशी आलेला माणूस

संशोधक अधूनमधून येतात. रोज येतात ते आजोबांच्या नावाची नोंद शोधणारे लोक. जात पडताळणीसाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या त्या तारखा होत. महाविद्यालयाच्या जुन्या जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, आधीची शाळा यांच्याबरोबर जातीचा रकाना असतो, आणि एखाद्या कुटुंबाकडे दुसरा कोणताही कागद उरलेला नसताना ती एक ओळ त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सोडवते. अशा माणसाला ‘उद्या या’ असे सांगण्याआधी त्याने किती लांबून प्रवास केला आहे हे विचारावे.

या कामाची पद्धत पक्की असावी. अर्ज लेखी घ्यावा, अर्जदाराचे नाते नोंदवावे, शोध स्वतः घ्यावा आणि रजिस्टर कधीही अर्जदाराच्या हाती एकटे सोडू नये. नोंद सापडली की रजिस्टराचे वर्ष, खंड, पान आणि अनुक्रमांक लिहून तो कागद कार्यालयाकडे द्यावा. प्रमाणित उतारा देण्याचा अधिकार प्राचार्यांचा किंवा कुलसचिवांचा असतो, अभिलेखपालाने त्यावर सही करू नये. नोंदीत खाडाखोड, वेगळी शाई किंवा नंतर भरलेला रकाना दिसला तर तसा शेरा उताऱ्याच्या टिपणात जरूर द्यावा. अर्जदार कितीही अडचणीत असला तरी जे लिहिलेले नाही ते ‘असावे’ म्हणून सांगू नये. नोंद सापडली नाही तर कोणत्या वर्षांची रजिस्टरे पाहिली आणि कोणत्या वर्षांची मुळातच उपलब्ध नाहीत हे लेखी द्यावे, म्हणजे त्या माणसाला दुसरीकडे शोध घेता येतो.

एकाच रजिस्टराची पाने वारंवार उलटली जात असल्यामुळे त्याची शिवण आणि कडा लवकर जातात. डिजिटल प्रत प्रथम कशाची करावी, याचे उत्तर येथे मिळते. 1967 पर्यंतची सर्व जनरल रजिस्टरे आधी स्कॅन करावीत, त्यांची नावनिहाय सूची करावी आणि मूळ रजिस्टर फक्त शंका असेल तेव्हाच काढावे. ही सूची संकेतस्थळावर टाकू नये. त्यात जिवंत माणसांची व त्यांच्या कुटुंबांची जात, पत्ता आणि जन्मतारीख आहे. शिस्तभंगाच्या फाइली, वैद्यकीय दाखले आणि फीमाफीचे अर्ज यांनाही हाच विचार लागू होतो. अशा मालिका किती वर्षे बंद राहतील याची मुदत संस्थेने लेखी ठरवावी आणि ती सर्वांना सारखीच लावावी, संस्थेशी जवळचे संबंध असलेल्या संशोधकालासुद्धा.

पाऊस

मुंबईच्या अभिलेखागाराचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मे महिन्यात गच्ची, पन्हळी, खिडक्यांच्या झडपा आणि खोलीवरून जाणारे पाण्याचे पाइप स्वतः उभे राहून तपासून घ्यावेत. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येत असल्यामुळे पश्चिमेच्या व दक्षिणेच्या बाहेरील भिंतीला रॅक लावू नये. कोणत्याही भिंतीपासून आणि जमिनीपासून किमान 15 सेंटिमीटर अंतर ठेवावे. तळमजल्याची खोली मिळाली असेल तर सर्वांत खालची फळी रिकामीच राहू द्यावी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या दिवशी शहरात तळमजल्यावरची जी दप्तरे पाण्यात गेली ती परत मिळाली नाहीत.

रोज सकाळी दार उघडल्यावर पहिले काम म्हणजे आर्द्रतामापकाचे आकडे वहीत लिहिणे. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून बरीच अधिक असते. वातानुकूलन यंत्र दहा ते पाच चालवून रात्री बंद करणे ही सर्वांत वाईट व्यवस्था आहे. थंड झालेल्या कागदांवर आणि भिंतींवर संध्याकाळची दमट हवा येते, ओल धरते आणि रोज हाच चढउतार होतो. यंत्र चोवीस तास चालवणे शक्य नसेल तर ते न चालवता पंखे, आर्द्रता शोषणारे यंत्र आणि कोरड्या दुपारी थोडा वेळ उघडलेल्या खिडक्या यांवर भर द्यावा. आकड्यांची वही तीन महिने नियमित लिहिली की प्राचार्यांपुढे यंत्राची मागणी ठेवताना तोंडी तक्रारीऐवजी पुरावा ठेवता येतो.

बुरशी दिसली तर त्या खोलीत ब्रश चालवू नये, कारण बीजाणू सर्वत्र उडतात. एन-95 मुखपट्टी लावून तो गठ्ठा कागदात गुंडाळून वेगळ्या, हवेशीर जागी न्यावा, पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि बुरशी भुकटीसारखी झाल्यावरच मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडावी. कागद भिजले असतील तर वेळ फार कमी असतो, कारण दोन-तीन दिवसांत बुरशी येते. भिजलेले रजिस्टर जोर लावून उघडू नये. ते उभे, किंचित पंख्यासारखे उघडे ठेवून दर काही पानांनी टिपकागद घालावा, टिपकागद वारंवार बदलावा आणि पंख्याचा झोत थेट त्यावर न सोडता खोलीत फिरू द्यावा. उन्हात वाळवू नये, इस्त्री करू नये. छायाचित्रांचे ओले गठ्ठे सर्वांत आधी सुटे करावेत, कारण वाळताना ती एकमेकांना कायमची चिकटतात. टिपकागद, प्लॅस्टिकच्या चादरी, दोरी, चिमटे, विजेरी आणि मुखपट्ट्या यांची एक पेटी जूनपूर्वी भरून दाराशी ठेवावी आणि जवळच्या संवर्धन केंद्राचा दूरध्वनी क्रमांक तिच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावा.

स्कॅनिंग आणि जन्मतःच डिजिटल असलेले कागद

साध्या कागदांसाठी 300 ते 400 डीपीआय (दर इंचातील ठिपके) पुरेसे असते, छायाचित्रांसाठी 600 घ्यावे. मूळ स्कॅन टिफ या चित्र-फाइलच्या प्रकारात आणि वाचकांसाठी पीडीएफ ठेवावी. फाइलचे नाव संकेतांकावरून द्यावे, ‘जुना फोटो नवीन 2’ असे नसावे. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर, हा नियम पाळावा आणि वर्षातून एकदा त्या प्रती खरोखर उघडतात का हे पाहावे. पेनड्राइव्ह ही साठवणूक नव्हे.

मराठी महाविद्यालयांपुढे एक विशेष अडचण आहे. 1990 च्या दशकापासून पुढची बरीच वर्षे वार्षिक अंक, निमंत्रणे आणि एकांकिका स्पर्धांची पत्रके श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या युनिकोड ही सर्व संगणकांवरची समान अक्षरपद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये, पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर तयार झाली. त्या फाइली आज उघडल्या तर देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणजे 1930 चा हस्तलिखित अंक वाचता येतो आणि 1998 चा येत नाही. अशा सीडी हाती आल्या की त्या लगेच उतरवून घ्याव्यात, मूळ फाइल न बदलता ठेवावी, कोणता फाँट वापरला हे नोंदवावे, फाँटची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि छापील अंकाची एक प्रत शोधून तिच्याशी जोडावी. आजच्या मंडळांचे काम तर व्हॉट्सॲपच्या गटांवर आणि विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक ड्राइव्हवर चालते. सत्र संपण्यापूर्वी प्रत्येक मंडळाच्या सचिवाकडून पत्रके, ठराव, हिशेब आणि निवडक छायाचित्रे मागून घ्यावीत. मार्चनंतर तो विद्यार्थी महाविद्यालयात नसतो.

दिवसाच्या शेवटी अर्धा तास राखून ठेवावा. काढलेले प्रत्येक खोके परत जागेवर गेले का हे स्थान-नोंदवहीवरून पडताळावे, जे खोके बाहेर नेले आहे त्याच्या जागी, ते कोठे आहे हे सांगणारे बदली-पत्रक आहे का ते पाहावे, आणि रोजनिशीत आज काय आले, काय पाहिले गेले, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला हे लिहावे. या पदावरची माणसे बदलतात, बहुतेकदा अचानक. म्हणून किल्ल्यांची यादी, संगणकाचे परवलीचे शब्द, खोल्यांचा नकाशा आणि खोक्यांची स्थानसूची यांची एक अद्ययावत प्रत प्राचार्यांच्या कार्यालयात मोहोरबंद पाकिटात ठेवावी आणि ती दर वर्षी जून व डिसेंबरमध्ये बदलावी.